आमेन म्हणेपर्यंत

“प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणाऱ्या माणसाचा हात मी डोक्यावर कसा घेऊ, पाळकसाहेब?”

नथानेलनं हे विचारलं तेव्हा दादा दारात बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. मी गॅसपाशी होते. माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, रेव्हरंड शांतवन मकासरे, गोदाकाठच्या आमच्या मंडळीचे पाळक. मी रिबका. वहिनी गेल्यापासून त्यांचं घर मी बघते. माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या ख्रिस्तवाडीला ठाऊक आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

नथानेल ओहोळ पुण्याहून धर्मशिक्षण घेऊन दादांच्या हाताखाली शिकायला आला होता. आमच्याच घरी राहायचा. पोरगा गुणी, त्यात वाद नाही. पहाटे उठून गुडघ्यावर. शास्त्र तोंडपाठ. कुठलं वचन कुठं आहे ते विचारा, पान न उघडता सांगेल. आणि प्रार्थना अशी करायचा की ऐकणाऱ्याला भरून यावं. फक्त लांबण फार लावायचा.

येत्या रविवारी त्याची दीक्षा होती. आमच्या मंडळीची रीत अशी, की ज्या पाळकाच्या हाताखाली शिकलास, त्याचा हात तुझ्या डोक्यावर आधी पडायचा. बिशपसाहेब आणि बाकीचे वडीलधारे मागाहून. पहिल्या हाताला मान. नथानेल हा दादांचा शेवटचा शिष्य, कारण वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते. आणि त्या पहिल्या हाताबद्दल हा मुलगा असं विचारत होता. आमच्या घरात, आमच्याच ताटात जेवून!

“त्यांचे डोळे उघडे होते हे तुला रे काय ठाऊक?” मी म्हटलं. “तुझे मिटलेले होते ना?”

“खुर्ची वाजली, आत्या. एकदा नाही, दोनदा. मी सलोमीआजीसाठी प्रार्थना करत होतो आणि पाळकसाहेब घरात चालत होते. डोळे मिटून कुणी चालतं का?”

मी गॅस बारीक केला.

सलोमीआजी म्हणजे पाटोळ्यांची म्हातारी. अर्धांगानं तिची उजवी बाजू गेलीय, बोलणं जड झालंय. दर गुरुवारी संध्याकाळी तिच्या खाटेभोवती आमची प्रार्थनासभा असते. कालच झाली होती.

दादांनी एक शेंग उचलली.

“राग आला तुला?”

“राग नाही. दुःख झालं.”

“दुःख... बरं.”

“देवाशी बोलणं चाललेलं असताना उठून जायचं म्हणजे अपमान आहे, पाळकसाहेब.”

“कुणाचा?”

“देवाचा!”

“त्याला विचारलंस?”

“कुणाला?”

“ज्याचा झाला त्याला.”

नथानेल हळूच म्हणाला, “आज पहाटे विचारलं. काही उत्तर आलं नाही.”

“हं...”

“प्रार्थना चालू असताना उठून चालावं, असं शास्त्रात कुठं आहे, तेवढं मला दाखवा. मी ऐकेन.”

“उठून चालणारे शास्त्रात पुष्कळ आहेत, नथा.”

“ते पांगळे होते!”

“मग मी धडधाकट असून बसून राहू?”

मला हसू आलं. नथानेलला नाही आलं. त्याचा चेहरा लाल झाला. दादा काल कशासाठी उठले होते ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दादा म्हणाले, “रिबके, शेंगा झाल्या. घेऊन जा.”

घेऊन जा म्हणजे गप्प बस. भाऊ आहे माझा, कळतं मला.

नथानेल उभाच होता.

“मी खोटेपणानं गुडघे टेकणार नाही. रविवारपर्यंत माझं मन साफ झालं नाही, तर मी बिशपसाहेबांना सांगेन... की पहिला हात तुमचा नको.”

ज्या माणसानं या मंडळीतली लग्नं लावली, पोरांचे बाप्तिस्मे केले, रात्री-अपरात्री मयताच्या घरी जाऊन बसला, त्या माणसाची सगळ्या मंडळीसमोर अशी शोभा होणार? आणि पोरगा उद्धट असता तर मी उलथनंच दाखवलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचा दादांवर जीव होता, म्हणून तर एवढं लागलं होतं त्याला.

दादा मान हलवत म्हणाले, “बरोबर आहे तुझं.”

“काय?”

“मन साफ नसताना गुडघे टेकू नयेत. बरोबर आहे.” त्यांनी हात धोतराला पुसले. “असं करू. आज संध्याकाळी पुन्हा पाटोळ्यांकडे जाऊ. प्रार्थना तूच कर. मी डोळे गच्च मिटून बसतो. खुर्चीवरून हलणार नाही.”

नथानेलच्या चेहऱ्यावर उजेड पडला. “खरंच?”

“शब्द देतो. फक्त एक आहे. कुणीतरी उघडे ठेवायला हवेत. तू ठेव.”

“मी? प्रार्थना करताना?”

“हो.”

“आणि बघू काय?”

“ते मी कसं सांगू? माझे तर मिटलेले असणार.”

दिवस मावळायच्या आत आम्ही पाटोळ्यांच्या घरी पोहोचलो. पत्र्याची एकच मोठी खोली, भिंतीला लागून म्हातारीची खाट. तिचा मुलगा योहान टेम्पो चालवतो, तो नुकताच तोंड धुऊन आला होता. सून करुणा पदर सावरत भिंतीशी उभी राहिली. दिवसभर शेतात खुरपून आलेली, पायांवर उभं राहवत नव्हतं बिचारीला. शेजारची दोन-चार माणसं आली.

आता एक सांगायला हवं. सलोमीआजी जन्मभर आमच्या रविवारच्या शाळेची बाई होती. लहानपणी ती मिशनच्या बोर्डिंगात वाढली. तिथली शिस्त तिनं साऱ्या ख्रिस्तवाडीला लावली. प्रार्थना चालू झाली की हात जोडायचे, डोळे मिटायचे, आणि आमेन म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. हलवली तर बोटांवर पट्टी. तिच्या पट्टीखालून गेलेली माणसं आता स्वतः आजी-आजोबा झाली, पण अजून आम्हा दोघा भावंडांखेरीज कुणाची हिंमत नाही. मांजर दूध पिऊन जाईल, आमेन झाल्याशिवाय कुणी बघणार नाही.

“प्रार्थना करू या,” नथानेल म्हणाला.

सगळ्यांचे डोळे मिटले. दादांनी तर लहान पोरासारखे गच्च मिटले, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. मी उघडे ठेवले. भावाची अब्रू पणाला लागलेली, मी मिटते कशाला!

“हे कृपाळू आणि प्रेमळ स्वर्गीय बापा...”

उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करायची त्याला सवय नव्हती. कुठं बघावं तेच कळेना. आधी पत्र्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग स्वतःच्या जोडलेल्या हातांकडे. शब्द मात्र अडत नव्हते, भरल्या नळासारखे येत होते. तुझी लेकरं, तुझी करुणा, तुझ्या पंखांची सावली... कितीतरी वेळ झाला.

“आणि बापा, तुझी दासी सलोमी... तिच्याकडे तू बघ...”

असं म्हणाला आणि त्यानं स्वतः तिच्याकडे बघितलं.

सलोमीआजीचे डोळे उघडे होते.

आमच्या बोटांवर पट्ट्या मारणाऱ्या बाईचे! ती त्याच्याकडेच बघत होती. डाव्या हातानं चादरीचा काठ हनुवटीपर्यंत ओढून धरला होता. ओठ कोरडे पडले होते. आणि चेहऱ्यावर अशी शरम, की मला बघवेना. तिच्या खालची चादर ओली झाली होती. थेंब खाटेखाली पडत होते.

बोलणार कशी? प्रार्थना चालू होती ना. तिनंच शिकवलेली शिस्त.

काल दादा याच्यासाठीच उठले होते. एकदा तिच्या तोंडाशी पाण्याचा चमचा धरायला, एकदा अंगाखाली कोरडं फडकं सरकवायला.

“तिला तू... बापा, तिला...”

नथानेल थांबला.

...

मला वाटलं, आता आमेन म्हणेल. म्हणाला नाही.

मी उठायला लागले. म्हातारीची ती दशा, आणि आम्ही बसून राहायचं? पण दादांनी न बघता माझा पदर पकडला. ओढला. मी बसले, पण मनातून संतापले होते, खोटं कशाला बोलू.

नथानेल पुढे झाला. दोरीवरची चादर काढली. आणि खाटेपाशी जाऊन नुसता उभा राहिला. आयुष्यात कधी कुणाचं असलं काही केलं नव्हतं त्यानं. वाकला, ओली चादर एका बाजूनं ओढायला लागला. ती निघेना, म्हातारीचं सगळं अंग तिच्यावर. त्यानं तिच्या पाठीखाली हात घातला. तरी जमेना.

मग सलोमीआजीनं आपला धड हात उचलला. धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याचं डोकंच धरलं. पंजा पसरून, घट्ट. आणि त्याच्यावर भार टाकून ती इंचभर वर झाली.

पोराची मान वाकली. डोळे तिच्या खांद्याशी. तसाच वाकून राहिला, आणि त्यानं ओली चादर काढली, कोरडी घडी करून सरकवली, वरून पांघरूण घातलं. लुगड्याचं मागाहून करुणा बघणार होती. एवढं होईस्तोवर म्हातारीचा हात त्याच्या डोक्यावरच होता.

खाट करकरली. ओली चादर बादलीत पडली, तिचा आवाज झाला. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. करुणाच्या मिटल्या पापण्यांतून पाणी गळायला लागलं. योहानची मान खाली गेली. पण एकानंही डोळे उघडले नाहीत. प्रार्थना अजून संपली नव्हती. आणि बरंच झालं संपली नव्हती ते! चार माणसांनी तिला तशी बघितली असती तर म्हातारी लाजेनं मेली असती.

तेव्हा कुठं मला कळलं दादांनी पदर का ओढला ते.

नथानेलनं हात धुतले. पेल्यातलं पाणी चमच्यानं तिला पाजलं. एक चमचा, थांबून दुसरा. ती घोट गिळायची आणि तो तिच्या गळ्याकडे बघत राहायचा.

मग तो आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. हात जोडले. ओठ हलले, पण आवाज फुटेना. खोलीत सगळे तसेच, हात जोडलेले, डोळे मिटलेले. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती...

आणि खाटेवरून जड जिभेचा आवाज आला.

“आ... मेन.”

“आमेन,” सगळे म्हणाले, आणि डोळे उघडले.

योहाननं बादलीकडे बघितलं, नथानेलकडे बघितलं, आणि बादली उचलून बाहेर नेली. करुणा चहा ठेवायला वळली. सलोमीआजीनं मला डाव्या हातानं जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

“आज... चांगली केली... पोरानं,” ती म्हणाली.

परतताना नथानेल आमच्या मागे चालत होता. हातांना साबणाचा वास. एरवी तेल लावून चापून बसवलेले केस टोपलीतल्या पाल्यासारखे उभे राहिलेले. चिंचेपाशी आल्यावर तो म्हणाला, “काल मला सांगितलं का नाहीत?”

“प्रार्थना चालली होती तुझी,” दादा म्हणाले.

थोडं चालल्यावर नथानेल रडायला लागला. दादा थांबले. पाठीवरून हात फिरवला नाही. नुसते थांबले.

“रोज पहाटे तिचं नाव घेतो मी. रोज... आणि एकदासुद्धा तिच्याकडे...”

“हं...”

“मी काय काय बोललो तुम्हाला!”

“बोललास खरा,” मी म्हटलं. गप्प कसली बसते!

नथानेलनं बाहीनं तोंड पुसलं. “मागायला तोंड नाही मला, पाळकसाहेब. तरी मागतो. रविवारी... पहिला हात तुमचाच ठेवाल ना?”

दादांनी त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, वर, त्या विस्कटलेल्या केसांकडे. ते बसवायला त्यांचा हात अर्ध्यापर्यंत गेला, आणि तिथूनच त्यांनी तो मागे घेतला.

“ठेवीन की,” दादा म्हणाले. “पण माझा आता दुसरा.”