गुळपोळीशेजारची काळी बिअर

एकदा एक शिष्य गुरूपेक्षा जास्त शिकून परत आला. निदान त्याला तसे वाटत होते, आणि गुरूने ते कधी नाकारले नाही.

गुरू म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी बिअरचा छोटासा कारखाना चालवणारे एक वृद्ध गृहस्थ. सारा परिसर त्यांना तात्या म्हणत असे. शिष्याने त्यांच्याकडे दोन वर्षे पिंपे धुतली, मग सहा वर्षे दूरदेशी राहून त्याच विद्येचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. तिथल्या एका मोठ्या कारखान्याने त्याला नोकरी देऊ केली होती. तरी तो परतला, कारण त्याच्या मनाने एकच ध्यास घेतला होता. जगातल्या उत्तमोत्तम बिअरच्या रांगेत आपल्या मातीतली एक तरी बिअर उभी राहिली पाहिजे.

आणि त्याने ती केली. नाचणीला मोड आणले, जवाबरोबर ती खरपूस भाजली, गूळ घातला आणि अकरा महिने मुरवली. बिअर उतरली ती काळीभोर आणि दाट. पेला नाकाजवळ नेला की कॉफी, खजूर आणि किंचित करपलेल्या गुळाचा वास येई. पण त्या भागात बिअर म्हणजे पिवळी, पातळ, बर्फासारखी गार आणि सोबत मसाला शेंगदाणे. ही असली काळी बिअर पिणार कोण?

"ही शेंगदाण्यांबरोबर घ्यायचीच नाही," शिष्य तळमळून सांगे. "ही गोडाबरोबर घ्यायची. नाहीतर गोडाऐवजी!"

लोक हसत. एक जण मात्र हसला नाही. तो गुळाचा मोठा व्यापारी होता आणि तीन हॉटेलांचा मालक होता. त्याने शेतावरच्या बंगल्यात बारा स्नेह्यांना दुपारच्या जेवणाला बोलावले आणि शिष्याला सांगितले, "जेवणात गुळपोळी आहे. आण तुझी बिअर. लोकांनी चाटूनपुसून घेतली, तर माझ्या तिन्ही हॉटेलांत तीच ठेवीन. नाही घेतली, तर बाबा, नाचणीची भाकरी कर आणि सुखात राहा."

शिष्याने मनाशी ठरवून टाकले. इथे ही बिअर उभी राहिली नाही, तर ती कुठेच उभी राहणार नाही, आणि मग आपणही इथे राहण्यात अर्थ नाही. तात्यांना त्याने तसे बोलूनही दाखवले. तात्या म्हणाले, "बरं."

पुढचे पंधरा दिवस तो रोज पहाटे उपाशीपोटी, तोंड स्वच्छ धुऊन ती बिअर चाखत राहिला. प्रत्येक घोटानंतर साधा पाव आणि पाणी. शिक्षण तसेच होते. रोज ती बिअर त्याला परिपूर्ण लागली.

जेवणाच्या दिवशी तो सकाळीच बंगल्यावर पोहोचला. स्वयंपाकाला आलेल्या काकू गुळपोळ्या लाटत होत्या. त्याच्यासोबत आलेले तात्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते.

"काकू, गुळपोळ्या अगदी शेवटी वाढायच्या," शिष्य म्हणाला. "पानं उचलल्यावर, नव्या बशीत. तेव्हाच मी बिअर देईन."

काकूंचे लाटणे थांबले. "शेवटी? मग ताकभात कधी?"

"तो आधी."

"म्हणजे ताकभात खाऊन, हात धुऊन माणसांनी परत गुळपोळीला बसायचं?" काकू म्हणाल्या. "तुमच्या तिकडे आधी वामकुक्षी घेऊन मग जेवतात का हो?"

"तिकडे गोड शेवटीच असतं, काकू. जगभर असंच असतं."

"असेल बाई. जगात ताक नसेल."

शिष्याने तात्यांकडे पाहिले. तात्या गुळपोळीचा तुकडा चावत होते.

दुपारी पाने मांडली गेली. पहिला वरणभात झाला, वांग्याची भाजी झाली, कोशिंबिरीला नावाजून झाले. शिष्य पडवीत आपले नाजूक, लांब दांड्याचे पेले पुसत होता. इतक्यात आतले दृश्य पाहून त्याचा हात जागीच थांबला. तात्या स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हणत होते, "वाढा गुळपोळ्या." आणि काकू वाढू लागल्या, तसे तात्या त्याच्याच बाटल्या उघडून पाहुण्यांच्या पानांशेजारी ती बिअर ओतत होते. तीही स्टीलच्या वाट्यांमध्ये!

तो धावत गेला. "तात्या, अजून जेवण चाललंय!"

"म्हणून तर," तात्या म्हणाले आणि पुढच्या वाटीकडे वळले.

पाहुण्यांसमोर वाद घालता येत नव्हता. शिष्य दाराआड उभा राहिला. अकरा महिन्यांचे श्रम वांग्याच्या भाजीला लागून, आमटीसारखे, वाटीत पडले होते. त्याचे कान तापले. गुरूंनाच आपला मोठेपणा सहन झाला नाही की काय, असा एक नीच विचारही त्याच्या मनाला शिवून गेला.

व्यापाऱ्याने गुळपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, तोंडात टाकला आणि वाटी ओठांना लावली. मग तो थांबला.

"काय शेठ, बिघडलंय का काही?" शेजारच्याने विचारले.

व्यापाऱ्याने त्याला हातानेच गप्प केले. पुन्हा एक तुकडा, पुन्हा एक घोट. डोळे मिटले. "अहो," तो हळूच म्हणाला, "तीस वर्षं मी गूळ विकतोय. या पोळीत एवढा गूळ आहे, हे मला आज कळलं."

मग पंगतभर वाट्या उचलल्या गेल्या. एक बाई कधीच बिअर घेत नसत. त्यांनी आपली वाटी नवऱ्याकडे सरकवली होती. "द्या बघू, नुसता वास घेते," म्हणून त्यांनी ती परत घेतली आणि रिकामी करूनच खाली ठेवली. नवरा म्हणाला, "वास बराच खोल होता वाटतं." पंगत खदखदली. कोणी दुसरी पोळी मागितली, कोणी दुसरी वाटी. ताकभात आला तेव्हा एकाही वाटीत थेंब उरला नव्हता.

"पोरा!" हात धुता धुता व्यापारी ओरडला. "पुढच्या महिन्यापासून तिन्ही हॉटेलांत. पण गुळपोळीसकट हं!"

शिष्याच्या छातीवर पंधरा दिवस बसलेला दगड कोणी अलगद उचलावा, तसे झाले. तो पडवीच्या पायरीवर मटकन बसला.

पाहुणे गेल्यावर तात्यांनी त्याला पानावर बसवले. काकूंनी गरम पोळीवर तुपाची धार सोडली. तात्यांनी एका बाटलीतून दोन वाट्या भरल्या आणि एक पुढे केली. शिष्याने घास घेतला, वर घोट घेतला. भाजलेले तीळ आणि भाजलेली नाचणी एकमेकांना भेटली. बिअरच्या कडवटपणाने तूप कापले गेले आणि जीभ पुढच्या घासाला तयार झाली. हे त्याच्या टिपणवहीत कुठेच नव्हते. मग त्याने ताकभात खाल्ला, लिंबाच्या लोणच्यासह. तो संपताच तात्यांनी दुसरी वाटी पुढे केली.

एका घोटातच त्याचे तोंड वाकडे झाले. तुरट, आंबूस, राख कालवलेल्या पाण्यासारखे. "तात्या, ही बिघडलीय!"

"त्याच बाटलीतली आहे. तू हीच शेवटी देणार होतास."

शिष्याने वाटी खाली ठेवली. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू वाद घातला असतास. आणि जिंकला असतास. शिकलेला आहेस तू." तात्या हसले. "अरे, तुझी निवड चुकली नव्हती. गोडाशेजारी पातळ बिअर बसवली, तर ती पाणी होऊन जाते. गोडाला तोलामोलाची सोबतीण लागते. दाट, भाजलेली, थोडी कडू. ती तू बरोबर ओळखलीस. पण ती ओळखताना तुझं तोंड रिकामं होतं. जेवणाऱ्याचं तोंड कधी रिकामं नसतं, बाळा. त्यात मागच्या घासाची चव असते आणि पुढच्या घासाची ओढ असते. तिकडे जेवण गोडावर संपतं, म्हणून ही बिअर तिकडे शेवटी शोभते. आपल्याकडे गोड मध्येच येऊन जातं आणि शेवटचा शब्द ताकाचा असतो. तू सोबतीण आणलीस गोडासाठी आणि तिला बसवायला निघालास ताकाशेजारी."

मघाशी मनाला शिवलेला विचार आठवून शिष्याने मान खाली घातली. मग त्याने वहीचे कोरे पान उघडले आणि स्वयंपाकघराकडे वळून विचारले, "काकू, उन्हाळ्यात पानात गोड काय करता? आणि त्याच्या आधी काय वाढता?"

"बसा, सांगते," काकू म्हणाल्या. "आमरसापासून सुरुवात करू."

विद्या दूरदेशाहून अवश्य आणावी. ती पानात कुठे वाढायची, हे मात्र इथल्या वाढणाऱ्यांना विचारावे.