ठेंगू आणि दोरदादा

फार वर्षांपूर्वी एका गुहेत छतातून ठिबकणाऱ्या चुनखडीच्या पाण्याने जमिनीवर दोन खांब तयार झाले होते. त्यातल्या उंच खांबाला, म्हणजे आजोबांना, येणारा प्रत्येक पाहुणा कुरवाळत असे. दुसरा, चिमुकला ठेंगू मात्र पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोराच्या आड होता.

"दोरदादा, जरा सैल हो ना. लाड काय आजोबांचेच व्हायचे?" ठेंगू कुरकुरला.

आजोबा म्हणाले, "अरे वेड्या, हातांच्या तेलाने माझं अंग बुळबुळीत झालंय. थेंब पडतो आणि घरंगळून जातो. पहिला हात फिरला, तेव्हापासून मी तसूभर वाढलो नाही."

तेवढ्यात एका बाईंनी दोरावरून हात पुढे केला. ठेंगूने श्वास रोखला. छतातून एक गार थेंब त्यांच्या मनगटावर पडला आणि त्यांनी हसत हात मागे घेतला.

दुसरा थेंब ठेंगूच्या खडबडीत डोक्यावर पडून तिथेच विसावला.

"दोरदादा," ठेंगू हळूच म्हणाला, "जरा ताठ उभा राहा बरं."