इथे काही नाही, साहेब

माणसाच्या हाती कुऱ्हाड यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा प्रत्येक रानाचा राखणदार आपल्या हद्दीपुरतंच बघायचा. सगळ्या रानांत फिरायची मुभा एकट्या सुतारपक्ष्याला होती.

पहिल्या रानात त्याने सागाच्या खोडावर चोच मारली. आतून आवाज आला, "इथे काही नाही, साहेब. पुढे बघा." दुसऱ्या रानात ऐनाच्या झाडानेही तेच सांगितलं. तिसऱ्या रानात मोहाचं झाडही तेच बोललं, तेव्हा सुतारपक्ष्याने चोच मागे घेतली. झाडं वेगळी होती, पण आवाज एकच होता.

तो वारुळं उकरणाऱ्या खवल्या मांजराकडे गेला. "ही झाडं बोलत नाहीयेत. आतून वाळवी बोलतेय."

"मग साली सोलू या?"

"नको, ती दुसऱ्या झाडात शिरेल. खोडांवरून मातीच्या वाटा उतरल्यात. त्या कुठे जाऊन मिळतात ते बघ."

त्या एकाच वारुळाशी मिळत होत्या. खवल्या मांजराने वारूळ उकरून वाळवीची राणी बाहेर ओढली. त्याच क्षणी तिन्ही रानं गप्प झाली. सुतारपक्ष्याने साग ठोठावला, ऐन ठोठावला. दोन्ही आतून पोखरून रिकामे झाले होते, आत कुणीच नव्हतं.

मोहाच्या खोडातून मात्र त्याचा स्वतःचा बारीक आवाज आला, "दुखतंय."

या वेळी सुतारपक्षी पुढे गेला नाही.