वाफाईची पाठ

एका राज्यात, डोंगराच्या कुशीत, ऊन पाण्याची सात कुंडं होती. राज्याचं नाव विचाराल तर सांगणार नाही. नावावाचून गोष्टीचं काही अडत नाही. पहिल्या कुंडाचं पाणी असं उकळायचं, की तांदळाची पुरचुंडी दोरीला बांधून आत सोडावी आणि गप्पा मारत बसावं, भात तयार. पुढच्या कुंडांत पाय सोडायचे, गुडघे शेकायचे, आणि असं करत करत सातव्यात लेकरंसुद्धा डुंबायची. पौषाच्या कडाक्यात साऱ्या राज्याला एक दिवस सुटी असे. त्या दिवशी नांगर नाही, माग नाही, दरबार नाही. उठायचं, भाकऱ्या बांधायच्या आणि कुंडांवर जायचं.

तिथली रीत मात्र मोडायची नाही. कुंडांच्या वाटेवर एक जुना उंबर होता. पागोटं, तलवार, दागिना, अंगावर मिरवायचं जे काही असेल ते उंबराला टांगायचं आणि मगच आत शिरायचं. आत राव नाही, रंक नाही. सगळा अरे-तुरेचा कारभार. आणि पहिला तांब्या आपल्या अंगावर घ्यायचा नाही. शेजारी जो बसला असेल, ओळखीचा असो वा नसो, त्याच्या पाठीवर ओतायचा. मग तो तुमच्या पाठीवर ओतणार. आपला हात आपल्या पाठीला नीट पोचत नाही, म्हणून ही रीत पडली असावी.

या राज्याचा राजा भद्रसेन. माणूस वाईट नव्हता हो! पण लढाया करून त्याची कंबर धरली होती आणि दरबारात बसून बसून डोकं उठलं होतं. त्या वर्षी तो म्हणाला, "एक दिवस मला निवांत बसायचंय. कुणाचं तोंड बघायला नको." झालं, हुकूम सुटला. शिपायांनी लोकांना ओल्या कपड्यांनिशी थंडीत बाहेर काढलं. लेकरं रडली, म्हाताऱ्या पडता पडता वाचल्या, भाताच्या पुरचुंड्या अर्ध्याकच्च्या तशाच लोंबत राहिल्या. उंबरावरचं सामानही कुणाला घेऊ दिलं नाही. शिपायांनी ते सारं गोळा करून राजाच्या खजिन्यात नेऊन टाकलं.

राजाची लेक हेमावती तिथेच उभी होती. ही पोर मुलखाची हट्टी. लहानपणी घोड्यावरून पडली, तर पुन्हा त्याच घोड्यावर बसल्याशिवाय जेवायला आली नव्हती.

ती म्हणाली, "आबा, निदान मुकुट तरी उंबराला टांगा."

"आणि कुणी पळवला तर?" राजा म्हणाला, आणि डोक्यावरचा मुकुट एका हाताने घट्ट धरून पाचव्या कुंडात उतरून बसला.

तोच कुंडातली वाफ उभी राहिली. तिला केस फुटले, पांढरेशुभ्र. हात फुटले, सुरकुतलेले. अंगावर लुगडं, तेही वाफेचंच. ती वाफाई, सातही कुंडांची राखणदारीण.

"राजा, तुला निवांत बसायचंय?"

"हो."

"मग बस," वाफाई म्हणाली.

राजाची पावलं दगडाची झाली. सूर्य मावळला तसा दगड वीतभर वर चढला. दुसऱ्या दिवशी आणखी वीतभर. राजवैद्य आले, मांत्रिक आले, पाथरवट छिन्नी घेऊन आले. छिन्नी लावताच राजा असा ओरडला, की पाथरवट पळून गेले. दगड गळ्यावरून ओठांपर्यंत पोचला की राजाचा श्वास बंद, हे सांगायला काही ज्योतिषी लागत नव्हता.

हेमावती कुंडाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "वाफाई, माझ्या बापाला सोड. त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"लाखो वर्षं मी इथे आहे. तू किती दिवस बसशील?"

"तुझा आईबाप कोण? त्यांच्याकडे दाद मागेन."

वाफाई हसली. "मी कुणाची लेक नाही, पोरी. पहिलं कुंड उकळलं तेव्हा वाफेतून उभी राहिले. दाद मागायची तर माझ्याकडेच माग. तीन कामं सांगेन, एकामागून एक. झाली तर तुझा बाप उठेल."

"सांग."

"माणसं गेली आणि माझी चूल विझायला लागली. तीन कुंडं गार पडली बघ. पाताळाच्या ओसरीवर मूळ चूल आहे. तिथला निखारा आण, हातात धरून."

दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. हेमावतीने पदर खोचला आणि डोंगराच्या भेगेतून खाली उतरली. भिंती तापलेल्या, श्वास घेववत नव्हता. तळाशी चुलीला वेढा घालून अंगाऱ्या नाग झोपला होता. त्याने एक डोळा उघडला.

"कोण?"

"भद्रसेनाची लेक. निखारा हवाय."

"चिमटा आणलास?"

"नाही. हातातच न्यायचाय."

"मग बोटातली अंगठी काढ. सोनं आधी तापतं."

ती राजमुद्रेची अंगठी होती. तिच्यामुळे फाटक उघडे, शिपाई वाकत, हुकूम चालत. हेमावतीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि चुलीत टाकून दिली. नागाने वेढा सैल केला. तिने निखारा उचलला आणि, आई गं! डोळ्यांसमोर काजवे चमकले. तव्यावरची भाकरी या हातावरून त्या हातावर करतात, तसा तो निखारा झेलत झेलत ती वर निघाली. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. वाटेत मोठमोठ्याने रडली, नागाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण निखारा काही खाली टाकला नाही. तो पहिल्या कुंडात पडला आणि पाणी खदखदा उकळलं.

दगड तोवर राजाच्या कमरेपर्यंत आला होता.

"दुसरं काम," वाफाई म्हणाली. "उंबराचं सामान ज्याचं त्याला परत दे. तुझ्या हाताने, त्यांच्या दारात."

हेमावती खजिन्याकडे धावली. तिथे निराळंच आक्रीत! उंबरावरून ओरबाडलेल्या त्या वस्तूंना शाप लागला होता. सगळं सामान हिमासारखं गार पडलं होतं आणि हात लावील त्याचा हात चिकटून बसत होता. दोन पहारेकरी एका नथीला चिकटून सकाळपासून बोंबलत होते. हेमावतीने हात पुढे केला. निखाऱ्याची ऊब तिच्या भाजल्या तळव्यांत अजून होती. नथ सुटली, पहारेकरी सुटले, आणि सारं सामान तिच्या हातात जुन्या ओळखीसारखं आलं. तिने गाडी भरली.

पण कुठलं कुणाचं? पागोटी सगळी सारखीच दिसतात. तेवढ्यात गाडीच्या जुवावर एक भारद्वाज येऊन बसला, लाल डोळ्यांचा. तो उंबरावरच राहायचा.

"राजकन्ये, मला सगळं ठाऊक आहे," भारद्वाज म्हणाला. "मला झोपायचं असतं तेव्हाच ही माणसं येऊन फांद्या हलवतात. एकेकाचं तोंड पाठ आहे."

"चल मग."

"आधी माफी मागायची. मग पागोटं द्यायचं. सामान ओरबाडताना तुझ्या बापाच्या शिपायांनी माझी फांदी मोडली, त्याची माफी आत्ताच माग."

"माफ कर, भारद्वाजा."

"बरं. उजवीकडे घे."

दारोदार फिरणं निखारा धरण्यापेक्षा सोपं असेल असं तिला वाटलं होतं. कसलं सोपं! कुणी तोंडावर दार लावलं, कुणी कुत्रं सोडलं. एका विणकराने पागोटं घेतलं आणि तिच्या पायाशी थुंकला. हुकूम करायला अंगठी नव्हती आणि तिने अंगठीची आठवणही काढली नाही. दार लागलं की ती ओट्यावर बसून राही. उघडलं की म्हणे, "आमचं चुकलं," आणि वस्तू पुढे करी.

राहीबाई सुईण सगळ्यात भडकलेली. डोरलं हिसकावून घेत ती म्हणाली, "आणि माझा भात? अर्धा कच्चा राहिला त्याचं काय? वर्षातून एक दिवस मी चुलीपुढे बसत नाही, तोही तुझ्या बापाने खाल्ला!"

"राहीबाई, तो भात मी शिजवून देईन. पुरचुंडी मी स्वतः सोडेन."

"बघू या," राहीबाई म्हणाली, पण दार लावलं नाही.

गाडी रिकामी झाली. उंबराला पालवी फुटली. दगड राजाच्या छातीशी आला होता.

"तिसरं काम," वाफाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा फुशारकी होती. "ज्याच्या पाठीवर आजवर कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही, असं कुणीतरी शोध. तुझ्या बापाने आपल्या हाताने त्याच्या पाठीवर पाणी घालावं. बस, एवढंच."

एवढंच! हेमावती रानात गेली. गुहेतल्या मौनी बैराग्याला विचारलं, त्यानेही 'घातलंय' अशी मान हलवली. तुरुंगातल्या दरोडेखोराला विचारलं. तो लाजला आणि म्हणाला, कुंडावर एकदा शिपायानेच आपली पाठ चोळून दिली होती. वेशीबाहेरचे, वाटसरू, पोरके, सगळ्यांना विचारून झालं. अशी पाठच सापडेना. तिच्या पायांचे तुकडे पडले आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तशीच ती राहीबाईच्या ओट्यावर येऊन बसली.

राहीबाईने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, वेडी की काय तू? मूल जन्मलं की त्याला पायांवर पालथं घालतात आणि पाठीवर पाणी ओततात. मीच निम्म्या राज्याला घातलंय. तुलाही घातलंय, तेव्हाही तू अशीच भोकाड पसरून बसली होतीस! आईच्या पोटी आलेला एकही जीव त्यातून सुटत नाही. अशी पाठ तुला कुठून मिळणार?"

हेमावती ताडकन उठली. "आणि जी आईच्या पोटी आलीच नाही, ती?"

उत्तराची वाट न बघता ती धावत सुटली. राहीबाई मागून ओरडली, "अगं, चप्पल!" पण ती कुठली थांबायला.

सूर्य मावळतीला टेकला होता. दगड राजाच्या गळ्याशी होता. सारं अंग पाषाण; एक उजवा हात तेवढा मोकळा, कारण तो पहिल्या दिवसापासून वर होता, डोक्यावरचा मुकुट धरून.

"वाफाई!" हेमावती धापा टाकत म्हणाली. "पाठ सापडली."

"कुणाची?"

"तुझी."

वाफाई हसायला गेली आणि तिचं हसू अर्ध्यातच थांबलं. "माझी? माझं काय त्यात? मी पाणी तापवते."

"लाखो वर्षं तू सगळ्यांच्या पाठी शेकल्यास. तुझ्या पाठीवर कुणी तांब्या ओतला?"

 वाफाई पाण्याकडे बघत म्हणाली, "अशी पाठ या राज्यात नसेलच, म्हणून तर हे काम सांगितलं होतं गं."

हेमावतीने तांब्या भरला आणि बापापुढे धरला. "आबा, घ्या."

राजाचा आवाज खरखरीत झाला होता. "आधी मुकुट धर. हात सोडला तर पाण्यात पडेल."

"मी धरणार नाही."

"हेमा, सात पिढ्यांचा मुकुट आहे!"

"माझे हात बघा, आबा." तिने भाजलेले तळवे त्याच्यासमोर पसरले. "यांनी निखारा धरला, लोकांच्या दारात जोडले, आणि अजूनही तांब्या धरतील. मुकुट नाही धरणार. मला बाप हवाय. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही ठरवा, सूर्य थांबायचा नाही."

राजाने लेकीच्या तळव्यांकडे पाहिलं. लहानपणी त्याला घास भरवणारा हात, तलवार शिकलेला हात, आता सोललेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दगडी गळ्यावरून ओघळलं. त्याने मुकुट सोडला. मुकुट डुबुक करून बुडाला, आणि राजाने तांब्या घेतला.

वाफाई पायरीवर बसली, राजाकडे पाठ करून. आयुष्यात कधी अशी बसली नव्हती. पाय कुठे ठेवावेत तेही तिला कळेना. तिने केस पुढे घेतले आणि अंग चोरलं. राजाने पाणी ओतलं.

"अगं बाई!" वाफाई किंचाळली. "ऊन आहे गं!"

मग तिचे खांदे खाली आले. डोळे मिटले. "असं असतं होय हे," ती अगदी हळू म्हणाली. "इतकं बरं वाटतं! आणि मला कुणी सांगितलं नाही?" आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

मागे काहीतरी विरघळलं. दगड गुळासारखा पाण्यात उतरला, राजाचा गळा सुटला, छाती सुटली, पाय हलले. राजाने सुटल्या सुटल्या काय करावं? दुसरा तांब्या भरला आणि पुन्हा वाफाईच्या पाठीवर ओतला. कुणी सांगितलं नव्हतं. शाप खरा तेव्हा फिटला.

पुढच्या पौषात सातही कुंडं पुन्हा पहिल्यासारखी ऊन झाली होती. राजा उंबरापाशी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर साधं पागोटं होतं. ते त्याने फांदीला टांगलं. मुकुट पोरांनी बुडी मारून काढला होता, पण तो भारद्वाजाला आवडला आणि त्याने त्यात बस्तान मांडलं. मागायला गेलं की चोच मारतो. हेमावतीने पहिल्या कुंडात राहीबाईच्या भाताची पुरचुंडी सोडली. भात जरा गिचका झाला, पण राहीबाई काही बोलली नाही, म्हणजे बघा. राजाच्या शेजारी तो थुंकणारा विणकर येऊन बसला. राजाने त्याच्या पाठीवर तांब्या ओतला. विणकर म्हणाला, "जरा वरती, भद्रसेना," आणि राजाने वरती ओतलं.

तेव्हापासून कुंडांच्या पायरीवर एक जागा रिकामी ठेवतात. तिथे नुसती वाफ दिसते. जो येतो तो पहिला तांब्या तिथे ओततो आणि मग शेजाऱ्याकडे वळतो. त्यांच्या पाठी हलक्या झाल्या, तशा तुमच्याआमच्याही होवोत.