संबळाने ऐकलेलं रेकॉर्डिंग

फार फार पूर्वी, म्हणजे मागच्या माघात, आमच्याकडच्या गोंधळ्यांनी मिक्सर आणला. चटणीचा नव्हे, आवाजाचा, डिजिटल. देवीच्या जत्रेत लावायला त्यांनी एक गोंधळ रेकॉर्ड केला. मिक्सरच्या पोटात प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा राहिला आणि तो वर-खाली करायची सरकती कळही वेगळी.

माणसं चहाला गेली तसा संबळ गुरगुरला, "मिक्सरराव, त्या तुणतुण्याला काढून टाका. एक तार, एकच सूर. जत्रेत माझं नाव जाईल."

"दादा, सकाळपासून तुमचाच ठेका धरून वाजलंय मी," तुणतुणं कोपऱ्यातून म्हणालं. "तेवढ्या जत्रेत तरी राहू द्या."

"काढा म्हणतो ना."

"काढतो की," म्हणत मिक्सरने बाराव्या नंबरची कळ सरसर खाली ओढली. त्या कळीला कुठलंच वाद्य जोडलेलं नव्हतं. मग त्याने रेकॉर्डिंग लावलं.

संबळ डोळे मिटून डोलत राहिला. "बघा, कचरा गेला तसा ठेका कसा उठला. आता याला कोणी हात लावायचा नाही."

"तुमचा शब्द मोडायची काय बिशाद," मिक्सर म्हणाला, आणि होतं तसंच त्याने सेव्ह करून टाकलं.

जत्रेत तेच वाजलं. संबळ भेटेल त्या हलगीला सांगत सुटला, "तुणतुणं काढलं म्हणून एवढं गोड लागतंय."

शेजारचं तुणतुणं म्हणालं, "खरंय दादा. मी असतं तर बिघडलंच असतं."