हौसाक्काच्या झोपेचं औषध

एका गावात एक भोळा भाऊ होता. इतका भोळा, की गावानं त्याला हसायचंही सोडून दिलं होतं. त्याचं नाव कोंडिबा.

त्याची आई गेली तेव्हा सगळं घर रडलं. एकटी थोरली बहीण हौसाक्का मात्र रडली नाही. पण तिची झोप उडाली, छाती धडधडायला लागली, महिन्याची पाळीही चुकली. कोंडिबाला धसकाच बसला. आता ही पण जाणार! तो धावत आबा वैद्यांकडे गेला.

आबांनी शतावरीच्या मुळ्या दिल्या. कोंडिबानं त्या तशाच अक्काच्या तोंडात कोंबल्या.

"अरे ठोंब्या, औषध दुधात उकळून द्यायचं असतं!"

"बरं अक्का. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी आबांनी ब्राह्मीचं तेल दिलं. कोंडिबानं ते दुधात उकळलं. अक्कानं एक घोट घेतला आणि परसात पळाली.

"मेल्या, हे टाळूवर थापायचं असतं!"

"बरं अक्का. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी अश्वगंधेचं चूर्ण मिळालं. कोंडिबानं ते टाळूवर थापलं. अक्काच्या शिंका थांबेनात.

"अरे, तुपात कालवायचं! मग दार लावून निवांत पडू द्यायचं. एवढं तरी ध्यानात ठेव रे!"

"ठेवलं अक्का. तुपात कालवायचं. दार लावायचं. पडू द्यायचं."

या वेळी आबांनी काहीच दिलं नाही. "तुझ्या हाती औषध म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मीच येतो."

म्हणजे या वेळी औषध म्हणून आबाच मिळाले.

आबांनी उंबरा ओलांडला. कोंडिबानं त्यांना बरणीभर तुपात टकलापासून दाढीपर्यंत कालवलं, कोठीच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

"गाढवा, दार उघड!"

"पडून राहा आबा. गुण यायला वेळ लागतो."

हौसाक्का बघतच राहिली. मग हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. आईला हाका मारमारून रडली. आणि रडता रडता भिंतीला टेकून गाढ झोपली.

कोंडिबानं तिच्यावर आईचं लुगडं पांघरलं. हळूच कडी काढली.

"आवाज नको आबा. लागू पडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा विहिरीवर अंगाला बेसन चोळत बसले होते. तूप काही केल्या निघत नव्हतं. तेवढ्यात कोंडिबा नवी बरणी घेऊन समोर उभा राहिला.

"चला आबा. दुसरी मात्रा द्यायचीय."