डबीला दिवे सापडेनात

मला हे लिहायचं नव्हतं. पण वाचनालयाचा सेक्रेटरी तीन दिवस फाटकात उभा राहून डोकं खातोय. "म्हादूकाका, लिहाच. तुम्ही तिथं होता." होतो ना! झाडू घेऊन होतो. तिसरीत शाळा सोडली मी. अक्षर लागलं तर वाचा, नाहीतर ठेवून द्या.

कुरणवाडीच्या सर्जेराव इनामदारांच्या बंगल्यात दिवे लागेनात! म्हणजे बटण दाबलं की लागत. पण सरकारांना बटण दाबायचं नव्हतं. व्याह्यांनी त्यांना बोलकी डबी भेट दिली होती. सरकार बैठकीतून हुकूम सोडत, "दिवा लाव!" आणि डबी गोड आवाजात म्हणे, "माफ करा, असं उपकरण सापडलं नाही."

"सापडलं नाही? डोक्यावर लटकतंय की!"

"माफ करा, असं..."

"गप!"

दिव्यांची यंत्रं यमुनेनं केलेली. यमुना म्हणजे आमच्या गावची वायरमन. बटणांच्या मागे बसणारी आगपेटीएवढी नऊ यंत्रं तिनं स्वतः घरी जोडली होती. सरकारांनी शब्द दिला होता, की दिवे बोलण्यावर लागले तर नव्या मंगल कार्यालयाचं सगळं वायरिंग तुझं.

डबी बसवायला चार दिवसांपूर्वी शहरातून इंजिनियर आला होता. शार्दूल भडकमकर. घरात बूट घालून फिरायचा. तो म्हणाला, "सरकार, हा घरगुती माल. डबी असल्या मालाला ओळखच देत नाही. शिवाय हा म्हातारा झाडताना वायरी उपटतो."

मी? अहो, त्या डबीच्या वाऱ्यालाही मी उभा राहिलो नव्हतो! पण सरकारांनी मला त्याच क्षणी बैठकीतून बाहेर काढलं. मग काय, दारात उभा राहून ऐकत बसलो.

सरकारांनी यमुनेला बोलावलं. "आज चारला व्याही येणार. त्यांच्यासमोर डबीनं दिवे लावले पाहिजेत. नाही लावले तर तुझी नऊच्या नऊ यंत्रं भिंतीतून काढ, आणि कार्यालयाचं काम भडकमकरांना."

"लावते की, सरकार."

भडकमकर मध्येच बोलला, "ही गुपचूप बाजारातली यंत्रं बसवेल. नाहीतर डबी उघडून बिघडवेल."

"बरोबर!" सरकारांनी मांडीवर थाप मारली. "यमुने, डबीला हात लावायचा नाही. यंत्रांना हात लावायचा नाही. बाहेरून एक खिळासुद्धा आणायचा नाही!"

"श्वास घेऊ का?"

"घे. पण बेतानं."

यमुना आधी स्वयंपाकघरात गेली. बाईसाहेबांच्या मोबाईलवरून तिनं दिवा लावला. लागला! विझवला. विझला! म्हणजे यंत्रं जिवंत. मग दारातूनच डबीला म्हणाली, "भजन लाव गं." डबीनं लावलं. म्हणजे डबीही शाबूत.

ती माझ्याशेजारी पायरीवर टेकली. "काका, डबी आणि यंत्रं दोन्ही धडधाकट, एकाच घरात, आणि एकमेकांना दिसत नाहीत. असं कुठं असतं?"

"इथंच असतं," मी म्हणालो. "व्याही चार वर्षं येतात. बाईसाहेबांचा चेहरा पाहिलाय का त्यांनी? पाहुणा बैठकीत, घरची माणसं आत. पाहुण्यानं हाक मारली तरी आतून कुणी बाहेर यायचं नाही. सरकारांचा नियम."

यमुना ताडकन उठली. मग बाईसाहेबांच्या मोबाईलमध्ये काहीतरी शोधलं, आणि अशी हसली की मला वाटलं पोरीला उन्हाचा त्रास झाला.

चारला व्याही आले. सरकार ताठ बसून म्हणाले, "दिवा लाव!"

"माफ करा, असं उपकरण सापडलं नाही."

भडकमकर मिशीत हसला. सरकार गरजले, "यमुने! तुझे दिवे बहिरे आहेत!"

"बहिरे नाहीत, सरकार, घरंदाज आहेत."

"काय?"

"तुमच्या वायफायची दोन नावं. एक 'घर', एक 'पाहुणे'. माझी यंत्रं 'घर'वर. डबी कशावर आहे, इंजिनियरसाहेब?"

भडकमकर खाली बघत पुटपुटला, "सरकारच म्हणाले होते, परक्या डबीला घरचा पासवर्ड द्यायचा नाही. म्हणून 'पाहुणे'वर."

"ऐकलंत? पाहुणी बाहेरून हाका मारतेय आणि तुमची घरची माणसं आतून हूं की चूं करत नाहीत. या घरची रीतच आहे ती! आता सांगा, सरकार, पाहुणीला आत घ्यायचं की घरच्यांना बाहेर बोलवायचं?"

सरकारांचा चेहरा वांग्यासारखा झाला. व्याही मात्र खो-खो हसत सुटले. "घ्या आत, सर्जेराव! डबी तरी घ्या. मी चार वर्षं बाहेरच बसलोय!"

यमुनेनं बाईसाहेबांचा मोबाईल सरकारांपुढे धरला. पडद्यावर वायफायच्या नियमांत लिहिलं होतं, 'पाहुण्यांना घरात प्रवेश: नाही.' ती म्हणाली, "मी कशालाच हात लावत नाही. नियम तुमचा, अंगठा तुमचा."

सरकारांनी एकदा व्याह्यांकडे बघितलं. मग अंगठा दाबला. प्रवेश: हो.

यमुना म्हणाली, "डबी, उपकरणं शोध."

डबी म्हणाली, "नऊ नवीन उपकरणं सापडली."

"दिवा लाव!" सरकार ओरडले. झुंबर लख्ख पेटलं! आतून बाईसाहेब चहाचा ट्रे घेऊन थेट बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, "प्रवेश हो झालाय म्हणे!" व्याही उठून उभे राहिले.

भडकमकर चिडला. "ही फसवणूक आहे! हिनं काहीच दुरुस्त केलं नाही!"

"दुरुस्त करायला बिघडलं काय होतं?" यमुना म्हणाली. "डबी चांगली, दिवे चांगले. अडत होता तो उंबरठा. आणि तो तुम्हीच बांधलात, तरी चार दिवस शोधत माझ्या यंत्रांत बसलात!"

सरकार इतके हसले की पगडी घसरली. मंगल कार्यालयाचं काम तिथल्या तिथं यमुनेला दिलं, वर बाईसाहेबांनी पैठणी दिली. मला बैठकीत परत घेतलं, झाडूसकट.

ती डबी दिवसाला पन्नास वेळा "माफ करा" म्हणत होती. काही चूक नसताना! ज्याची होती, तो बूट वाजवत निघून गेला, माझ्याकडे न बघता. "माफ करा" अजून एकदाही म्हणाला नाही तो. नाव पुन्हा लिहितो, सेक्रेटरी, ठळक छाप: शार्दूल भडकमकर.